डोळ्यातलं पाणी जातं कुठं?



उन्हाळ कांद्याची काढणी उरकत आलीय. पात कापायला बसलेल्या बाया घडीघडी पदरानं डोळे पुसतायत. गेल्या आठवड्यात एका मित्राचा फोन आला, म्हणाला, "नाना, कांद्याला गंधक जास्त दिलं तर कांदा जास्त रडवतो का?" तर हो, रडवतो. कांद्याचा तिखटपणा गंधकाच्याच संयुगांचा असतो. जमिनीत गंधक भरपूर असलं की तिखटपणा वाढतो. पण अख्खा कांदा उशाला घेऊन झोपलात तरी डोळ्याला काही होत नाही. विळा लागला, पेशी फुटल्या, की आत वेगवेगळ्या कप्प्यात ठेवलेले पदार्थ एकमेकांना भेटतात आणि एक गंधकाचा वायू तयार होतो. हा वायू तयार करणारं खास एन्झाइम कांद्यात असतं, हे जपानी शास्त्रज्ञांनी 2002 साली दाखवून दिलं. तो वायू डोळ्याच्या ओलाव्यात विरघळतो, बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्याला झोंबतो आणि डोळा पाणी सोडून त्याला धुऊन काढायला लागतो.

एवढं उत्तर दिलं आणि फोन ठेवला. पण गेलं वर्षभर आमच्या घरात डोळ्यातल्या पाण्यावरूनच रामायण झालंय. त्यातून जे कळलं ते आज लिहितो. पाणी कुठून येतं हे आपण विचारतो, ते जातं कुठं हे कुणी विचारत नाही. खरा घोळ तिथंच असतो.

आधी झरा बघू. भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या हाडाला आतून एक खळगा असतो. त्यात बदामाएवढी अश्रुग्रंथी बसलेली असते. कांदा, धूर, कचरा, दुःख, या सगळ्याचं पाणी तिथून येतं. शिवाय पापणीच्या आतल्या अस्तरात बारीक बारीक ग्रंथी असतात, त्या डोळा कायम ओला ठेवतात. साध्या दिवशी, न रडता, हे सगळं मिळून एक-दोन मिली पाणी. डॉक्टरकडची 2 मिलीची सिरिंज भरेल न भरेल एवढंच. तान्हं पोर पहिले काही आठवडे रडतं तेव्हा नुसता आवाज असतो, डोळ्यातून धार लागत नाही, हे घरातल्या बायांनी बघितलेलं असतं. ग्रंथी तोवर पुरती चालू झालेली नसते.

आता निचरा. आरशापुढं उभं राहा आणि खालची पापणी नाकाच्या बाजूला बोटानं जरा खाली ओढा. पापणीच्या काठावर, कोपऱ्यापासून थोडं अलीकडं, सुईच्या टोकाएवढं एक छिद्र दिसेल. वरच्या पापणीलाही तसंच आहे. मी पन्नाशी ओलांडली तरी माझ्या तोंडावर ही चार भोकं आहेत हे मला ठाऊक नव्हतं! या छिद्रांतून पाणी बारीक नळ्यांत जातं, दोन्ही नळ्या नाकाच्या मुळाशी असलेल्या एका पिशवीला मिळतात, आणि पिशवीच्या खालून एक नळी हाडातून उतरून नाकात उघडते. म्हणून माणूस रडला की नाक वाहतं. डोळ्यात टाकलेलं औषध घशात कडू लागतं ते पण याच वाटेनं. थेंब टाकल्यावर डोळा मिटून आतला कोपरा बोटानं मिनिटभर दाबून धरला, तर औषध नाकात न जाता डोळ्यात राहतं. काचबिंदूचे थेंब घालणाऱ्यांनी हे जरूर करावं.

आणि या निचऱ्याला मोटार आहे. पापणी. आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी लववतो. प्रत्येक वेळी पापणी बाहेरून नाकाकडं मिटत येते, पाणी कोपऱ्याकडं ढकलते, आणि तिथले बारीक स्नायू पिशवीवर दाब-सैल करून पाणी आत ओढतात. ज्याला तोंडाचा लकवा झालाय त्याचा डोळा मिटत नाही, म्हणून त्याच्या गालावर पाणी ओघळत राहतं. झरा तोच, नळी पण मोकळी, पण मोटार बंद.

आता आमच्या मोठ्या आईचं सांगतो. थोरली चुलती, वय 74. डाव्या डोळ्यातून पाच-सहा वर्षं पाणी. सकाळी उठली की आतल्या कोपऱ्यात चिपडं, पापण्या चिकटलेल्या. तिचं स्वतःचं निदान ठरलेलं: "जलमभर चूल फुकली आन् कांदा कापला, डोळा रडायचाच." मग त्याच डोळ्यात मोतीबिंदू पिकला. शिबिराच्या गाडीत गावातल्या आठ जणांबरोबर तिला पण बसवलं. सात जण हिरवी पट्टी लावून परत आले आणि ही तशीच आली. तिथं एकानं डोळ्याचा कोपरा दाबला आणि म्हणाला, "आजी, तुमच्या डोळ्यात घाण आहे, ऑपरेशन होणार नाही." बस्स. घाण म्हणजे काय, कुठून येते, पुढं काय करायचं, एक शब्द नाही. कुठलं शिबिर ते लिहीत नाही, त्यांच्याकडं त्या दिवशी दोनशे माणसं असतील. पण म्हातारीच्या मनाला ते फार लागलं. घाण हा शब्द तिनं डोळ्याला नाही, स्वतःला लावून घेतला. जी बाई सकाळी अंघोळ केल्याशिवाय चुलीला हात लावत नाही, तिला लोकांदेखत घाण म्हणाले. परत कुठल्या डॉक्टरकडं येणार नाही म्हणून बसली. पुढच्या तीन-चार महिन्यांत तो डोळा इतका धूसर झाला की ओट्यावरून उतरताना पायरी चुकायची.

शेवटी नातीच्या नावानं गाडीत बसवली आणि तालुक्याला डॉक्टरीणबाईंकडं नेली. त्यांनी आधी काही न बोलता तिला खुर्चीत बसवलं, नाकाच्या मुळाशी डोळ्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवून हळूच दाबलं, आणि मला जवळ बोलवून म्हणाल्या, "काका, इथं बघा." खालच्या पापणीच्या त्या सुईएवढ्या छिद्रातून पू वर आला. मग बोथट सुईनं त्याच छिद्रातून मिठाचं पाणी सोडलं. वाट मोकळी असली की ते घशात खारट लागतं. मोठ्या आईच्या घशात काही आलं नाही, सगळं पाणी वरच्या पापणीच्या छिद्रातून उलटं बाहेर आलं. ठिबकची लाइन पुढं बंद असली की मागच्या जोडातून पाणी फुटतं, अगदी तसंच.

जुनी माणसं याला लासरू म्हणतात. पिशवीच्या खालची, हाडातली नळी बुजते. पाणी पिशवीत साचतं, साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात, पू होतो, आणि तो मागं डोळ्यात येत राहतो. चाळिशीच्या पुढच्या बायांत हा त्रास पुरुषांपेक्षा बराच जास्त दिसतो. त्यांची हाडातली वाट मुळात अरुंद असते असं एक कारण सांगतात. डॉक्टरीणबाईंनी मोठ्या आईचा हात धरून सांगितलं, "आजी, डोळा तुमचा स्वच्छ आहे. खालची मोरी तुंबलीय. मोरी तुंबलेली असताना मी डोळा उघडला तर तो पू आत जाईल आणि डोळाच जाईल. म्हणून आधी मोरी." मोतीबिंदूच्या आधी लासरू तपासतात ते यासाठी. शिबिरातल्या माणसाचा निर्णय बरोबरच होता. सांगायची पद्धत तेवढी वाईट.

त्यांच्या टेबलावर प्लॅस्टिकची कवटी होती. ती हातात घेतल्यावर मला पहिल्यांदा कळलं की डोळ्याची खोबण म्हणजे नुसतं भोक नाही. सात हाडं मिळून ती बनलीय. पुढं रुंद, मागं निमुळती होत जाते, आपल्या पेरणीच्या चाड्यासारखी, पण आडवी. खोली चार-साडेचार सेंटीमीटर. आत डोळ्याचा गोळा, तो हलवणारे सहा स्नायू, मागं मेंदूकडं जाणारी नस, आणि उरलेल्या जागेत चरबी. गोळ्यानं खोबणीचा पावभाग सुद्धा व्यापलेला नसतो, चरबी ही त्याची गादी आहे. फार आजारपणात माणसाचे डोळे खोल जातात ते ही गादी आटल्यामुळं. काठाचं हाड जाड, भुवईवर हात लावला की कळतं. पण आतली नाकाकडची भिंत उजेडाकडं धरली तर आरपार दिसते, कागदासारखी. खालची फरशी पण पातळच, तिच्याखाली पोकळी.

याचा अनुभव शेजारच्या शिवारातल्या एका गड्याला आलाय. गोऱ्ह्याला वेसण घालताना त्यानं मान झटकली आणि शिंगाचा बोथट भाग डोळ्यावर बसला. गोळा वाचला, पण दाबानं खालची फरशी पिचली आणि स्नायू फटीत अडकला. वर बघितलं की त्याला एकाचे दोन दिसायचे. डॉक्टरांनी त्याला पहिली ताकीद दिली ती नाक शिंकरायचं नाही ही. भिंत फुटलेली असताना जोरात नाक शिंकरलं तर हवा खोबणीत शिरते आणि डोळा फुगतो. बैलाचा, म्हशीचा, विहिरीच्या दोराचा, कशाचाही मार डोळ्याभोवती बसला आणि एकाचे दोन दिसायला लागले, तर नुसतं सुजलंय म्हणून बर्फ लावत घरी बसू नका.

परत मोठ्या आईकडं. तिच्यापुढं दोन वाटा ठेवल्या. एक, पिशवीच काढून टाकायची. छोटं काम, वयस्कर माणसाला सोपं. पू बंद होतो, मोतीबिंदू करता येतो, पण निचरा कायमचा जातो, गालावर पाणी वाहत राहतं. दुसरी, पिशवी आणि नाक यांच्यामधल्या पातळ हाडाला खिडकी पाडून पिशवी सरळ नाकात उघडायची. याला डॉक्टर लोक डीसीआर म्हणतात. बुजलेली नळी उकरत बसायची नाही, बांध फोडून शेजारून नवी चारी काढायची. बाहेरून नाकाच्या बाजूला लहान छेद देऊन करतात, नाहीतर दुर्बिणीनं नाकातून.

घरात दोन दिवस चर्चा. चुलतभावाचं म्हणणं, वय झालंय, सोपं ते करा. सुनांचं म्हणणं, जसं डॉक्टर म्हणतील तसं. मोठी आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. मग म्हणाली, "पाणी व्हायचंच राहणार आसंल तर लोक म्हणणार, म्हातारी आजून रडतीया. मला खिडकी पाडा." बीपी, साखर, रक्त सगळं तपासून डीसीआर केलं. चार-पाच दिवस नाकातून थोडं लालसर पाणी आलं, नाक शिंकरायला बंदी होती, ती तिनं आमच्यापेक्षा कडक पाळली. दीड महिन्यानं परत मिठाचं पाणी सोडून बघितलं. ती खुर्चीतच म्हणाली, "आगं बाई, खारट लागलं." डॉक्टरीणबाई हसल्या. त्यानंतर मोतीबिंदू झाला.

नाकाच्या बाजूला आता बारीक पांढरी रेघ आहे. गावातल्या बाया ती बघायला येतात.

मोठ्या आईचा पणतू चार महिन्यांचा आहे, त्याचा पण एक डोळा चिकचिकायचा. लहान लेकरांत नळीच्या खालच्या तोंडावरचा पातळ पडदा जन्माच्या वेळी उघडलेला नसतो. बहुतेकांचा पहिल्या वर्षात आपोआप उघडतो. डॉक्टर मालिश शिकवतात, नखं कापून, हात धुऊन, करंगळीनं कोपऱ्यावर दाब देत नाकाच्या बाजूनं खाली, दिवसातून तीन-चार वेळा. कशी करायची ते समोर बसून शिकून घ्या. अंगावरचं दूध, काजळ, गुलाबपाणी यातलं काही डोळ्यात घालू नका. वर्षाचं झालं तरी पाणी थांबलं नाही तर परत दाखवा. बाळाचा डोळा जन्मापासून मोठा वाटतोय, उजेड सहन होत नाही, बुबुळ ढगाळ दिसतंय, आणि पाणी येतंय, तर ते लासरू समजून थांबू नका, त्याच दिवशी न्या. तो काचबिंदू असू शकतो.

पण वाहणारा प्रत्येक डोळा म्हणजे तुंबलेली नळी नव्हे. हे ऐकून मला गंमत वाटली होती: डोळा कोरडा पडला तरी पाणी येतं. कसं? डोळ्यावरच्या पाण्याला वरून तेलाचा पातळ थर असतो. ते तेल पापणीच्या काठावरच्या ग्रंथींतून येतं, वरच्या पापणीत पंचवीस-तीस आणि खालच्या पापणीत त्याहून थोड्या कमी. मल्चिंग पेपर जे काम करतो तेच हे तेल करतं, बाष्पीभवन थांबवतं. ग्रंथींची तोंडं बुजली की पाणी भराभर उडून जातं, डोळा खुपायला लागतो, आणि मग ग्रंथी घाबरून एकदम लोंढा सोडते. मोटारसायकलवर वाऱ्यात, एप्रिलच्या झळांत, मोबाइलकडं टक लावून बघताना हे जास्त होतं. मोबाइल बघताना पापणी कमी लवते. अशांना कोमट फडक्यानं पापण्या शेकायला आणि काठ स्वच्छ ठेवायला सांगतात. रांजणवाडी पण पापणीतल्या याच असल्या ग्रंथी बुजून, पिकून होते. ती फोडायची नाही, शेकायची.

आमच्या आजीच्या पिढीत खुपरी होती. तिच्या पापण्या आत वळलेल्या, केस बुबुळाला घासायचे, आणि ती उजेडात बसून चिमट्यानं केस उपटून घ्यायची. ते पाणी पण वेगळं, घासल्याचं. सरकारनं 1963 साली खुपरीविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं की भारतात खुपरी आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरलेली नाही. साठ वर्षं लागली. पण ज्यांच्या पापण्या तेव्हा वळल्या, त्यातली काही म्हातारी माणसं अजून चिमटा घेऊन बसलेली दिसतील. पापणी सरळ करण्याची शस्त्रक्रिया असते, त्यांना सांगा.

आता फवारणीचं, कारण पुढं खरीप आहे. ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक अंगात गेलं की अश्रुग्रंथी, लाळग्रंथी, घामाच्या ग्रंथी सगळ्या एकदम सुटतात, कारण नसांचा निरोप थांबवणारं एन्झाइम ते औषध बंद पाडतं. तेव्हा फवारताना डोळ्यातून पाणी आलं आणि सोबत लाळ, घाम, मळमळ असेल, डोळ्याची बाहुली मोहरीएवढी बारीक झाली असेल, तर ते "डोळ्यात उडालं" नाही. ती विषबाधा आहे. पंप उतरवा, कपडे काढा, साबणानं अंग धुवा आणि डबा किंवा त्याचं लेबल घेऊन दवाखाना गाठा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरायला लागलोय. आणि नुसतं डोळ्यात उडालं असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरून पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार. घड्याळ लावून पंधरा. आपण दोन चुळकांडी मारून परत पंप उचलतो.

कांद्याचा पापुद्रा, भाताचं तूस, उसाचं पान डोळ्याला लागलं तर चोळायचं नाही. वरच्या पापणीला आतून एक बारीक खाच असते, कण तिथं अडकतो आणि प्रत्येक वेळी पापणी लवली की बुबुळाला चरा पडतो. डॉक्टर पापणी उलटी करून एका क्षणात काढतात. जिभेनं, पदराच्या टोकानं काढायची आपली जुनी रीत आता बंद करा. झाडपाल्याच्या ओरखड्यातून बुबुळात बुरशी जाते, आणि मेडिकलवरून कुणीतरी दिलेला स्टिरॉइडचा थेंब त्या बुरशीला खतपाण्यासारखा लागू पडतो. लाल डोळ्याला डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय थेंब नाही, मग तो मागच्या वेळचा उरलेला असला तरी नाही.

पावसाळ्यानंतर मोतीबिंदूची शिबिरं सुरू होतील. घरातल्या ज्या माणसाचा डोळा वर्षानुवर्षं वाहतोय किंवा सकाळी चिकटतोय, त्याला शिबिराच्या आधीच ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याला दाखवा आणि "नळी तपासून द्या" असं म्हणा. मिठाच्या पाण्याची तपासणी पाच मिनिटांची आहे. नळी बंद निघाली तर डीसीआर कुठं होतं ते तिथंच विचारून घ्या, प्रत्येक तालुक्याला ती सोय नसते. कोपरा लाल होऊन सुजला असेल, ठणकत असेल, ताप असेल, तर मात्र दाबून बघू नका, आधी औषध लागतं.

गंधकाचा डोस किती आणि कधी बंद करायचा, ते उद्याच्या नोंदीत माती परीक्षणाच्या कागदासकट टाकतो.